नागपुरात सरकारी दवाखान्यात नोकरी: जाहिरात कोण काढतं, अर्ज कुठे अडतो

बिंदुनामावली
"मेडिकलच्या जागा निघाल्या का", "मेयोची भरती कधी", "एम्सचा फॉर्म कुठे भरायचा" हे प्रश्न दर आठवड्याला सुटे सुटे येतात आणि उत्तरं कुठल्या कुठे हरवतात. म्हणून हा एकच धागा.

पहिली गोष्ट मालकाची. सरकारी दवाखाना म्हटलं की लोक एकच सरकार धरून चालतात. नागपुरात मालक वेगवेगळे आहेत, आणि जाहिरात, परीक्षा, दाखल्याचा नमुना, नेमणुकीचं गाव हे सगळं मालकावर ठरतं.

मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), मेयो (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) आणि मेडिकलचं सुपर स्पेशालिटी वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. गट-क ची जाहिरात राज्यभराची एकच निघते. गट-ड मात्र अधिष्ठाता कार्यालय आपल्या पातळीवर काढतं. मेडिकलने २०२३ च्या शेवटी ६८० जागा काढल्या, त्या अशाच.

डागा, प्रादेशिक मनोरुग्णालय, कामठी-रामटेकची उपजिल्हा रुग्णालयं आणि तालुक्यांची ग्रामीण रुग्णालयं सार्वजनिक आरोग्य विभागाकडे. २०२३ ची १०,९४९ पदांची भरती ती हीच. इथे मंडळ निवडावं लागतं. नागपूर मंडळात नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली असे सहा जिल्हे येतात. डागा डोळ्यांसमोर ठेवून मंडळ भरणाऱ्याची ऑर्डर गडचिरोलीतल्या एटापल्लीची निघू शकते, हे फॉर्म भरतानाच घरी सांगून ठेवा.

प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि उपकेंद्रं जिल्हा परिषदेची. शहरातली नागरी आरोग्य केंद्रं, पाचपावली सूतिकागृह, आयसोलेशन ही महानगरपालिकेची. सोमवारीपेठेतलं कामगार विमा रुग्णालय राज्य कामगार विमा सोसायटीचं. मिहानमधलं एम्स केंद्राचं. आणि या सगळ्यांच्या आत-बाहेर कंत्राटी पदं भरणारं राष्ट्रीय आरोग्य अभियान, म्हणजे एनएचएम. ते जिल्हा परिषदेतही आहे, मनपातही आणि डागातही.

पारडी_नाका
जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालं आहे, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आहे. स्टाफ नर्ससाठी यातले कोणकोणते रस्ते खुले आहेत?

सिस्टर_इन्चार्ज
पारडी_नाका, जिल्हा परिषदेची नियमित पदं सोडून सगळे. जिल्हा परिषदेत नियमित पद आरोग्य सेविकेचं असतं, ते एएनएमचं, म्हणजे सहायक परिचारिका-प्रसाविका कोर्स केलेल्यांचं. जीएनएमने तिथे घुसायचा प्रयत्न केला की पात्रतेवरून वाद होतो.

नियमित स्टाफ नर्स म्हणजे अधिपरिचारिका. वेतनस्तर एस-१३, मूळ वेतन ३५,४०० पासून. आरोग्य सेविका एस-८, २५,५०० पासून. एनएचएमची स्टाफ नर्स ठोक २०,००० आणि एएनएम १८,०००.

सार्वजनिक आरोग्य विभागाच्या जाहिरातीत अधिपरिचारिकेच्या दोन ओळी असतात, शासकीय ५० टक्के आणि खाजगी ५० टक्के. हे रुग्णालय सरकारी की खाजगी याबद्दल नाही. तुम्ही प्रशिक्षण कुठे घेतलं याबद्दल आहे. खाजगी नर्सिंग कॉलेजमधून जीएनएम केलेल्या मुली "सरकारी नोकरी हवी" म्हणून शासकीय ओळीवर टिक करतात, परीक्षेत चांगले गुण घेतात आणि कागदपत्र पडताळणीत बाहेर पडतात. त्या टप्प्यावर ओळ बदलून मिळत नाही.

नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी. मुदत संपलेली नोंदणी जोडली की एनएचएमच्या छाननीत अर्ज थेट अपात्र. नूतनीकरणाची पावती काही ठिकाणी चालवून घेतात, काही ठिकाणी नाही, त्यामुळे पावतीच्या भरवशावर राहू नका.

सौंसर_फाटा
मध्यप्रदेशातून जीएनएम केलं असेल तर? छिंदवाडा, शिवनी, बालाघाट, भोपाळकडून शिकून आलेल्या खूप मुली आहेत नागपुरात.

सिस्टर_इन्चार्ज
आधी मध्यप्रदेश कौन्सिलचं ना-हरकत, मग महाराष्ट्र कौन्सिलकडे नोंदणीचं हस्तांतरण, आणि तो नंबर हातात आल्यावरच अर्ज. राज्याच्या जाहिरातींत महाराष्ट्र कौन्सिलचीच नोंदणी मागतात. तिकडच्या नर्सिंग कॉलेजांचा उच्च न्यायालयाच्या आदेशाने सीबीआय तपास झाला, तेव्हापासून कागद जास्त बारकाईने बघतात. कॉलेजला त्या-त्या वर्षी मान्यता होती याचा कागद, तीनही वर्षांच्या गुणपत्रिका आणि क्लिनिकल पोस्टिंगचा तपशील एका फाइलीत ठेवा. जाहिरात निघाल्यावर हे सुरू केलं तर मुदत हातातून गेलीच म्हणून समजा.

खामला_चौक
एम्सबद्दल पण सांगा ना कोणी.

गट_क
एम्स नागपूर स्टाफ नर्स स्वतः भरत नाही. एम्स दिल्ली सगळ्या एम्ससाठी नॉरसेट ही सामाईक परीक्षा घेते, पद नर्सिंग ऑफिसर, वेतनस्तर ७, मूळ ४४,९००. निवड झाल्यावर पसंतीक्रम आणि गुणवत्तेनुसार संस्था मिळते, त्यामुळे नागपूर मिळेलच असं नाही. बीएससी नर्सिंगला अनुभव लागत नाही. जीएनएमला किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. वय १८ ते ३०, वर प्रवर्गाची सूट. पूर्व आणि मुख्य असे दोन टप्पे, चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण वजा. ८० टक्के जागा महिलांना.

राज्याचे अर्ज भरून भरून हात बसलेल्यांची इथे गफलत होते ती दाखल्यात. राज्याचं नॉन-क्रिमीलेयर केंद्रात चालत नाही. केंद्राच्या नमुन्यातलं ओबीसी प्रमाणपत्र वेगळं काढावं लागतं. विमुक्त जाती आणि भटक्या जमातींचे अ, ब, क, ड हे गट फक्त महाराष्ट्रात आहेत, केंद्रात त्यातल्या बहुतेक जाती ओबीसीत मोडतात. आपल्या जातीचं नाव केंद्रीय यादीत कोणत्या स्पेलिंगने आहे ते पाहून तसंच लिहून घ्या. एसईबीसीचा (मराठा आरक्षणाच्या प्रवर्गाचा) दाखलाही तिथे उपयोगाचा नाही. केंद्राच्या लेखी तो उमेदवार खुला, निकषात बसत असेल तर केंद्रीय नमुन्यातलं ईडब्ल्यूएस काढावं.

डॉक्टर, सिनियर रेसिडेंट, अध्यापक यांच्या जाहिराती एम्स नागपूरच्या संकेतस्थळावर स्वतंत्र येतात.

लकडगंजचा_बंड्या
भाऊ, हे परीक्षेवालं सगळं ठीक आहे, पण एनएचएमचा अर्ज तं हातानं नेऊन द्या लागते न? तिथं कोणाची वशिलेबाजी चालते म्हणतेत. गुण कसे देतेत तेवढं सांगा ना जी.

बिंदुनामावली
बंड्या भाऊ, गुणांची पद्धत ठरलेली आहे, बहुतेक जाहिरातींच्या शेवटी छापलेली असते, लोक तिथपर्यंत वाचत नाहीत. साधारण असं असतं: पदाच्या मूळ अर्हतेतील टक्केवारीचे निम्मे, म्हणजे ५० पैकी. त्याच विषयातल्या जास्तीच्या अर्हतेला २०. अनुभवाला ३०, वर्षाला ६ प्रमाणे, म्हणजे पाच वर्षांच्या पुढचा अनुभव मोजला जात नाही. मूळ अर्हतेत ६८ टक्के असलेल्याला ३४ मिळाले, जास्तीची अर्हता नाही, आणि तीन वर्षांचा अनुभव असेल तर १८. झाले ५२. मागच्या यादीतल्या शेवटच्या उमेदवाराशी हा आकडा लावून पाहिला की अंदाज येतो.

यात दोन बारकावे. कौन्सिलच्या नोंदणीआधीचा अनुभव धरत नाहीत, कारण नोंदणीशिवाय काम हा अनुभवच नव्हे. आणि जिथे सीजीपीए आहे तिथे विद्यापीठाचं टक्केवारीत रूपांतर करणारं पत्र जोडा, स्वतः गुणाकार करून पेनाने लिहू नका.

आता अर्जाचा लिफाफा. जाहिरात नीट वाचा: काही ऑनलाइन, काही टपालाने किंवा समक्ष. समक्ष असेल तर नमुना जाहिरातीतलाच, तोच छापून भरायचा. लिफाफ्यावर पदाचं नाव आणि प्रवर्ग ठळक. धनाकर्ष (डीडी) मागितला असेल तर तो राष्ट्रीयीकृत बँकेचा, भरती करणाऱ्या एनएचएम सोसायटीच्या नावाने, जसं नाव छापलंय तसंच अक्षर न अक्षर. जिल्हा परिषदेची सोसायटी वेगळी, मनपाची वेगळी, एकीच्या नावाचा डीडी दुसरीकडे कागदाचा तुकडा. डीडीच्या मागे पेन्सिलने नाही, पेनाने आपलं नाव, पद, मोबाइल. दोन पदांना अर्ज तर दोन लिफाफे, दोन डीडी.

जिल्हा परिषदेत किंवा सिव्हिल लाईन्सला मनपात अर्ज द्यायला जाताना पहिल्या पानाची झेरॉक्स सोबत न्या आणि आवक शिक्का त्यावर मारून घ्या. पुढे पात्र-अपात्र यादीत नाव दोन्हीकडे नसलं तर हाच एक पुरावा.

मानेवाडा_रोड
समुदाय आरोग्य अधिकारी म्हणजे सीएचओसुद्धा एनएचएमच ना?

बिंदुनामावली
हो. बीएएमएस, किंवा बीएससी नर्सिंग ज्यांच्या अभ्यासक्रमात सामुदायिक आरोग्य आहे ते, किंवा सहा महिन्यांचा ब्रिज कोर्स केलेले. २५,००० ठोक आणि कामगिरीवर १५,००० पर्यंत. उपकेंद्रात बसायचं, नागपूर शहरातून रोज ये-जा करता येईल हा हिशेब बहुतेक ठिकाणी जमत नाही. पंधरा हजारांचा भाग निर्देशांकांवर असतो, नोंदी पोर्टलवर चढल्या नाहीत तर काम होऊनही पैसे कमी येतात.

अश्विनी_ता
अनुभव प्रमाणपत्राबद्दल लिहा कुणीतरी. छाननीला बसलं की सगळ्यात जास्त माती तिथेच झालेली दिसते.

सिस्टर_इन्चार्ज
बरोबर बोललीस गं ताई. लेटरहेडवर "या आमच्याकडे दोन वर्षांपासून कामाला असून वर्तणूक चांगली आहे" एवढंच लिहिलेलं पत्र हे वर्तणुकीचं प्रमाणपत्र झालं. त्याला शून्य.

चालणाऱ्या पत्रात वरच्या बाजूला रुग्णालयाचा नोंदणी क्रमांक असतो, म्हणजे नर्सिंग होम कायद्याखाली मनपाकडे किंवा जिल्हा शल्यचिकित्सकांकडे झालेली नोंदणी. खाटांची संख्या. डाव्या हाताला जावक क्रमांक आणि दिनांक. मजकुरात पदाचं नाव जाहिरातीतल्या पदाशी जुळणारं, कारण "अटेंडंट" लिहिलं की जीएनएम असूनही नर्सिंगचा अनुभव होत नाही. रुजू दिनांक आणि कार्यमुक्तीचा दिनांक, दोन्ही दिवस-महिना-वर्षासह. "आजपर्यंत" लिहिलं असेल तर मोजणी पत्राच्या तारखेला थांबते, म्हणून अर्जाच्या वेळी नवं पत्र घ्या. सही कोणाची, नाव आणि हुद्द्याचा शिक्का वाचता येईल असा. सोबत पगार जमा झाल्याचं बँक स्टेटमेंट किंवा फॉर्म १६. रोख पगार देणाऱ्या दवाखान्यात काम करणाऱ्यांनी किमान आतापासून तरी खात्यात पगार मागावा.

एकाच काळात दोन ठिकाणचा पूर्णवेळ अनुभव दाखवला तर दोन्हींवर संशय येतो. सकाळी एक, रात्री दुसरं असं करणाऱ्या अनेक जणी आहेत, पण कागदावर एकच धरला जातो.

गट_क
दाखल्यांच्या तारखा. गुणांनी कमी आणि तारखांनी जास्त लोक बाहेर पडतात, हे माझं ठाम मत.

जाहिरातीत एक वाक्य असतं: अर्ज स्वीकारण्याच्या अंतिम दिनांकास वैध. म्हणजे पडताळणीच्या दिवशी नवं कोरं नॉन-क्रिमीलेयर दाखवून उपयोग नाही, अंतिम दिनांकाला ते तुमच्याकडे असायला हवं होतं. ईडब्ल्यूएस दरवर्षी नव्या आर्थिक वर्षाचं. हे दोन्ही एप्रिल-मे मध्ये काढून घ्या. जूनमध्ये सेतूत (दाखले काढायच्या केंद्रात) प्रवेशवाल्या मुलांची रांग लागते आणि तुमचा अर्ज त्यात दबतो.

लग्न झालेल्या ताईंसाठी: जातीचा दाखला माहेरच्या नावाचाच, तो बदलायचा नसतो. क्रिमीलेयर आई-वडिलांच्या उत्पन्नावरून ठरतं, नवऱ्याच्या नाही. सेतूत नवऱ्याचा उत्पन्नाचा दाखला मागितला तर नियम दाखवा. दोन नावं एकाच व्यक्तीची आहेत यासाठी विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्र. खुल्या प्रवर्गातील महिला आरक्षणासाठी पूर्वी नॉन-क्रिमीलेयर लागायचं, ती अट मे २०२३ मध्ये काढली. अनुसूचित जाती-जमाती सोडून बाकी मागास प्रवर्गातील महिलांना ते लागतंच.

खेळाडू आरक्षण घेणाऱ्यांनी प्रमाणपत्राची क्रीडा उपसंचालकांकडून पडताळणी अर्जाच्या आधीच करून घ्यायची, मानकापूरच्या क्रीडा संकुलात.

लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र नमुना-अ मध्ये. २८ मार्च २००६ नंतर जन्मलेलं तिसरं अपत्य असेल तर नियमित पदासाठी अपात्र, त्यात पळवाट नाही. वय खुल्याला ३८, मागास प्रवर्गाला ४३.

पारडी_नाका
व्हॅलिडिटी (जात वैधता प्रमाणपत्र) नसेल तर अर्जच करू नये का?

गट_क
करा. नियमित पदावर नियुक्ती व्हॅलिडिटीच्या अधीन राहून होते आणि सहा महिन्यांत सादर करावी लागते. अनुसूचित जाती, विमुक्त-भटके, इतर मागास यांचं काम श्रद्धानंदपेठेतल्या सामाजिक न्याय भवनात, जमातीचं गिरीपेठेत आदिवासी विकास भवनात.

पुराव्याची मानीव तारीख लक्षात ठेवा: अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७. त्याआधीचा आजोबा-पणजोबांचा महाराष्ट्रातल्या गावचा कागद लागतो. विदर्भात शाळेचा दाखला नसेल तर कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद आणि हक्क नोंदणी कामाला येते. तहसीलच्या अभिलेख कक्षात साक्षांकित नक्कल मागायची, गावाचं जुनं नाव आणि अंदाजे साल लिहून. साल नाही लिहिलं तर शोधणारा बाबूही हात टेकतो. कुटुंब मानीव तारखेनंतर मध्यप्रदेश किंवा छत्तीसगडातून आलं असेल तर इथे आरक्षणाचा लाभ मिळत नाही.

कुही_मांढळ
आरोग्य सेवक पुरुष, त्यात ५० टक्के हंगामी फवारणी लिहिलेलं असतं ते काय?

बिंदुनामावली
हिवतापाच्या फवारणीत हंगामी क्षेत्र कर्मचारी म्हणून ९० दिवस काम केलेल्यांसाठी राखीव जागा. जिल्हा हिवताप अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र लागतं, आरोग्य केंद्राच्या डॉक्टरने लिहून दिलेलं चालत नाही. दिवस तुटक असले तरी बेरीज ९० हवी आणि हजेरीपटाशी जुळायला हवी. ते नसेल तर ४० टक्क्यांची सरळसेवेची ओळ. अर्हता दहावी, विज्ञान विषय घेऊन. निवडीनंतर बारा महिन्यांचं प्रशिक्षण.

जिल्हा परिषदेच्या २०२३ च्या भरतीत राज्यभर १९,४६० पदं होती आणि एका पदासाठी एकाच जिल्ह्यात अर्ज करा अशी सूचना होती, कारण पेपर एकाच वेळी. शेजारी चंद्रपूर-गडचिरोलीत जागा जास्त दिसतात, पण तिथल्या पेसा (आदिवासी अनुसूचित) क्षेत्रातल्या जागा स्थानिक अनुसूचित जमातीच्या उमेदवारांच्या. आकडा बघून धावू नका, तक्ता बघा.

खामला_चौक
परीक्षेत काय असतं?

गट_क
तांत्रिक पदांना साधारण १०० प्रश्न, २०० गुण: मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान, बुद्धिमत्ता यांचे मिळून ६० प्रश्न आणि विषयाचे ४०. किमान ४५ टक्के. विषयात सगळ्यांनाच बरे गुण पडतात, यादी मराठी व्याकरण आणि बुद्धिमत्तेवर फिरते. नर्सिंगवाल्यांना हे पटत नाही आणि त्या समास-प्रयोग सोडून देतात. पेपर अनेक सत्रांत होतो, गुणांचं सामान्यीकरण होतं (सोप्या-अवघड सत्रांचे गुण एका पातळीवर आणतात), त्यामुळे उत्तरतालिकेवरून काढलेले गुण आणि निकालातले गुण वेगळे दिसणं ही चूक नव्हे. हरकत घ्यायची असेल तर पुस्तकाचं पान जोडा, प्रश्नामागे शुल्क भरावं लागतं.

लकडगंजचा_बंड्या
आणि ते मेडिकलच्या गेटसमोर चहा पिऊन "दोन पेटी दे, वॉर्डबॉय करतो" म्हणणारे? अजून फिरून रायले ते.

अश्विनी_ता
गट-ड ची परीक्षा संगणकावर, यादी संकेतस्थळावर. मध्ये कुणाला हात घालायला जागा कुठे आहे ते विचारा त्याला. आरोग्य विभागाची २०२१ ची परीक्षा पेपरफुटीमुळे पूर्ण रद्द झाली, ते उदाहरण सगळ्यांसमोर आहे.

बाह्यस्रोताचं मात्र वेगळं आहे. सफाई, सुरक्षा, डेटा एंट्री, अटेंडंट ही बरीच कामं एजन्सीकडून होतात. काम सरकारी रुग्णालयात, मालक एजन्सी. हे लोक "आधी कंत्राटी लाव, मग परमनंट होते" सांगून पैसे घेतात. एजन्सीचा नोकर आपोआप शासनाचा होत नाही. नोकरी घ्यायचीच तर नियुक्तीपत्र, यूएएन (पीएफ खात्याचा) नंबर आणि ईएसआयसी कार्ड पहिल्या महिन्यात मागा आणि पीएफ खात्यात भरणा होतोय का ते मोबाइलवर बघा.

एनएचएम ही तिसरी गोष्ट. तिथे करार सोसायटीशी असतो. दहा वर्षं झालेल्यांच्या समायोजनाचा निर्णय मार्च २०२४ मध्ये निघाला, पण तो समकक्ष नियमित पद असलेल्यांपुरता.

पारडी_नाका
पात्र-अपात्र यादीत "अनुभव प्रमाणपत्र अपूर्ण" आलं तर हरकतीत नवं जोडता येतं का?

सिस्टर_इन्चार्ज
नाही. हरकत म्हणजे अर्जासोबत जे दिलं होतं ते चुकीचं वाचलं गेलं, एवढंच सांगायची संधी. मुदत थोडीच असते आणि सुट्टीचे दिवसही त्यात जातात. अर्जाचा क्रमांक, यादीतला अनुक्रमांक, जोडलेल्या प्रतीचं पान असं तीन ओळींत लिहून ईमेल करा आणि समक्षही द्या, आवक शिक्क्यासह. पाल्हाळ लावलेलं पत्र कोणी वाचत नाही.

मानेवाडा_रोड
प्रतीक्षा यादीत नाव असेल तर किती काळ वाट बघायची?

गट_क
सर्वसाधारणपणे एक वर्ष, किंवा पुढची जाहिरात निघेपर्यंत, जे आधी होईल ते. दरम्यान किती जण रुजू झाले नाहीत हे माहिती अधिकारात विचारता येतं. सार्वजनिक आरोग्य विभागाचं असेल तर माता कचेरी परिसरात उपसंचालक कार्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. "माझा नंबर कधी लागेल" असं विचारू नका, त्याचं उत्तर मिळत नाही. पद, प्रवर्ग, समांतर आरक्षण (महिला, खेळाडू वगैरे) लिहून "निवड यादीतील रुजू न झालेल्या उमेदवारांची संख्या व त्या जागी प्रतीक्षा यादीतून दिलेल्या आदेशांच्या प्रती" असं मागा.